कॅसेटची आईकडची बाजू

लखनौत विकास नगरच्या भाजीबाजारात मला सगळे ओळखतात, आणि प्रेमानेच ओळखतात असं काही नाही. मी वांगं उचलते, दाबते, उलटं करते, देठ बघते, परत ठेवते आणि दुसरं उचलते. एक भाजीवाला तर मला लांबून बघितलं की टोपलीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "अम्मा, सब्जी बनानी है, रिश्ता नहीं करना।" अशी मी बाई. आणि त्याच मी एका दुपारी पलंगावर मांडी घालून, चष्मा पुसून, ज्याला हात लावला नाही, ज्याचा वास घेतला नाही, जे चालू करून पाहिलं नाही असं एक जुनं यंत्र फोनवर बोट टेकवून विकत घेतलं.

यंत्र म्हणजे कॅसेट वाजवायचा टेपरेकॉर्डर. आता तो नवा कुठे मिळत नाही. जुनाच कुणीतरी दुरुस्त करून, पुसूनबिसून विकतो, त्याला 'रिफर्बिश्ड' म्हणतात, हे मला माझ्या नातीने कधीतरी सांगितलं होतं. नात अमौसीला विमानतळावर नोकरी करते आणि माझ्याजवळ राहते. तिचे आईवडील, म्हणजे माझा मुलगा आणि सून, हवाई दलाच्या बदल्यांमागे देशभर फिरतात. ती पोरगी तीन-चार छावण्यांमधे वाढली, त्यामुळे तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतून येतं. मी मराठीत रागावते, ती हिंदीत माफी मागते, असा आमचा संसार.

तिला न सांगता मी हे का केलं, तर कानांमुळे. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं की डावा कान बराचसा गेला आहे आणि उजवाही त्याच वाटेवर आहे. औषध नाही, कानात यंत्र लावा म्हणाल्या. दवाखान्यात त्यांनी एक लावूनही दाखवलं. ऐकू येत होतं, नाही कशाला म्हणू, पण डॉक्टरीणबाईंचा गोड आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटत होता. घरी येताना रिक्षात माझ्या मनात एकच आलं. माझ्या आईचा आवाज एका कॅसेटमधे आहे. तो मला पत्र्याच्या डब्यातून ऐकायचा नव्हता. माझा स्वतःचा एक कान अजून शिल्लक आहे, तेवढ्यात ऐकून घ्यायचा होता.

ती कॅसेट कुठून आली ते सांगते.

लग्न होऊन मी लखनौला आले तेव्हा आमचे हे केंद्र सरकारच्या एका कचेरीत नुकते लागले होते. माझं माहेर वर्धेकडचं खेडं. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचं पत्र म्हणजे दुसऱ्याच्या अक्षरातलं, आणि लिहिणारा मधे आपली अक्कलही घुसवायचा. शिवाय आईने मला काय सांगितलं ते मला कळायच्या आधी सगळ्या गावाला कळायचं. मग माझ्या भावाने टेपरेकॉर्डर घेतला, इकडे यांनीही एक घेतला, आणि आमची कॅसेटची पत्रं सुरू झाली. एकच कॅसेट. तिच्या एका बाजूला मी बोलायची, दुसऱ्या बाजूला आई. इथलं कुठलंही मराठी कुटुंब सुट्टीत गावाकडे निघालं की लोणच्याच्या बरणीसोबत ती जायची आणि तीळ-जवसाच्या चटणीसोबत परत यायची. परत आली की ऐकायची आणि आपल्या बाजूवर नवं बोलायचं. जुनं पुसलं जायचं. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. बोलणं साठवून ठेवायचं असतं हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

एक नियम मात्र आईने घालून दिला होता. बाजू पूर्ण भरल्याशिवाय कॅसेट पाठवायची नाही. शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत करतो का, तसंच हे. त्यामुळे सांगण्यासारखं संपलं तरी आम्ही दोघी बोलत राहायचो. मी तर एकदा शेवटी बे एके बे करत पहाडे म्हटले आहेत.

शेवटच्या फेरीची कॅसेट आईकडून माझ्याकडे आली, आणि मी माझी बाजू नव्याने बोलायच्या आत आई गेली. म्हणून ती जशी आली तशीच राहिली. आधी ऐकवत नव्हती. पुढे ऐकवेल असं वाटायला लागलं तोवर टेपरेकॉर्डर मोडून भंगारात गेला होता. मग ती साड्यांच्या खाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, वर्षानुवर्षं.

तर ते यंत्र. फोटोत असं चकचकीत होतं की मला वाटलं, हे तर आमच्या त्या वेळच्यापेक्षा नवं. खाली लिहिलं होतं, प्रमाणित, तपासलेलं, अगदी नव्यासारखं, परत करण्याची सोय. त्याखाली लोकांचे अभिप्राय. सगळे खूश. सगळे एकाच पद्धतीने खूश, एकाच शब्दात खूश, हे माझ्या लक्षात आलं होतं. दहा भाजीवाले एका सुरात 'ताजी है' म्हणाले असते तर मी बाजारच बदलला असता. पण फोनमधे लिहिलेलं म्हटलं की आपल्याला उगीच ते छापील वाटतं. विकणाऱ्याचं नाव म्हणजे चार इंग्रजी अक्षरं आणि पुढे 'सोल्युशन्स'. तो कोण, कुठे बसतो, यंत्र बिघडलं तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, यातलं काही मी बघितलं नाही. मी फक्त फोटोला बघत होते, एखादी पोरगी नवऱ्यामुलाच्या फोटोला बघते तशी.

खोकं आलं तेव्हा नात कामावर होती. आणणारा सांगून गेला, "माताजी, खोलते समय वीडियो बना लीजिएगा।" खोकं उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर पुढे तक्रार ऐकत नाहीत म्हणे. मी हुशार. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, लाल ठिपका दाबला, पदर सारखा केला आणि बातम्या देणाऱ्या बाईसारखं एकेक सांगत खोकं उघडलं. हा टेपरेकॉर्डर. ही वायर. हा मागचा सीलचा कागद, शाबूत आहे. अगदी व्यवस्थित काम झालं.

यंत्र दिसायला फोटोसारखंच होतं. नवा रंग, चकचकीत बटणं. त्यातल्या लाल बटणाची मला फार भीती वाटली, कारण ते चुकून दाबलं गेलं तर वाजण्याऐवजी आईच्या आवाजावर माझ्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिटी भरली जाईल. म्हणून मी कपाळावरची टिकली काढून त्या बटणावर लावली. टिकली दिसली की हात मागे. इतकी सावध होते मी.

आणि मग त्याहून सावध झाले, तिथेच घोटाळा झाला. माझ्या मनात आलं, यंत्र परकं आहे, जुनं आहे, त्याच्यात एकदम आईला कशाला घालायचं? आधी माझी बाजू लावावी. बिघडली तर बिघडली. त्या नव्या नवरीची बडबड गेली तर जगाचं काय अडणार आहे? आईची बाजू आपली खाली सुरक्षित राहील. मला हा विचार इतका पटला की मी स्वतःशी मान डोलावली.

बटण दाबलं. खरखर झाली. आणि खोलीत एक बाई बोलायला लागली.

"आई, जयभीम. मी लखनौहून बोलत आहे."

ही आकाशवाणी कुठली, म्हणून मी दचकले. तो माझाच आवाज होता. नाकातून, ताठ, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. वर्धेकडची पोरगी, जी घरी 'मले' आणि 'तुले' करायची, ती आईला सांगत होती की इथे सगळे 'आप, आप' म्हणून बोलतात आणि मलाही आता तसंच बोलायची सवय झाली आहे, त्यामुळे माझ्या मराठीत काही कमीजास्त वाटलं तर राग मानू नये. लखनौला येऊन तिला जेमतेम दोन वर्षं झाली असतील. भाजीवाल्या भैयाला 'आप कितना देती हो' असं विचारणारी ती, आणि हा तोरा. पुढे म्हणते, "आणि आमचा क्वार्टर म्हणजे, आई, बंगलाच समज." एवढ्यात मागून शेजारणीचा आवाज, अगदी खणखणीत, "अरी ओ, बाल्टी हटाओ अपनी, पानी चला गया!" बंगल्याची बाई घाईघाईने खोकली आणि हवापाण्यावर बोलायला लागली.

मी एकटीच हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काय बाई होती ती. एका खोलीचं घर, चार बिऱ्हाडांत एक नळ, ज्वारीच्या भाकरीची आठवण काढून रोज संध्याकाळी रडायची, आणि टेपरेकॉर्डरपुढे बसली की नवाबाची सून.

हसता हसता मला जाणवलं की माझा आवाज जाड झाला आहे. आधी पुरुषासारखा, मग म्हशीसारखा. मग काहीतरी कुरतडल्यासारखं वाजलं आणि सगळं थांबलं.

झाकण अर्धंच उघडलं. आत फितीची जाळी झाली होती. बारीक तपकिरी फीत चाकांभोवती गुंडाळून, चुण्या पडून, कॅसेटला यंत्राशी बांधून बसली होती. मी ओढायला गेले आणि हात मागे घेतला. तशीच खुर्चीवर बसून राहिले, नात येईपर्यंत.

ती आली, बॅग खाली ठेवली, टेबलाकडे बघितलं, लाल बटणावरची टिकली बघितली, माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. आणि शेवटी तिला धीर दिला, की काळजी करू नकोस, मी माझीच बाजू लावली होती, आईची बाजू वाचली आहे.

ती माझ्या शेजारी खाली बसली. माझा हात हातात घेतला आणि अगदी हळू म्हणाली, "आजी, फीता तो एक ही है।"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. एकाच फितीच्या अर्ध्या पट्टीवर मी आणि अर्ध्या पट्टीवर आई. यंत्राने मला चावलं तेव्हा आईलाही चावलं होतं. इतकी वर्षं माझ्या मनात त्या दोन बाजू म्हणजे दोन बायका होत्या, एक लखनौची, एक वर्धेची. मधे सगळा मध्य प्रदेश. एकीला खरचटलं तर दुसरीला कशाला लागेल?

मी रडले नाही. रडले असते तर नात घाबरली असती. पण तिने चहा केला तो मी तसाच ठेवला.

चहाचा कप बाजूला सारून ती कामाला लागली. विमानतळावर लोकांच्या हरवलेल्या बॅगांच्या तक्रारी ऐकणारी पोरगी, तिला तक्रार कशी करायची तेही चांगलं कळतं. फोनवर लिहून पाठवलं की मिनिटाच्या आत उत्तर यायचं, आणि प्रत्येक उत्तरात माझ्या असुविधेबद्दल खेद असायचा. खेद व्यक्त करणारा माणूस नव्हता, मशीन होतं. त्याने खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला. नातीने मोठ्या उत्साहाने माझा फोन उघडला आणि व्हिडिओ लावला. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत मी होते. माझी हनुवटी, माझी मान, मधेच माझ्या नाकपुड्या. मी समोरच्या ऐवजी आपल्याकडे बघणारा कॅमेरा लावला होता. आवाज मात्र स्पष्ट, हा टेपरेकॉर्डर, ही वायर.

एवढ्या दुःखातही नात तोंडावर उशी धरून हसली. मीही हसले. मशीनने कळवलं की व्हिडिओत वस्तू दिसत नाही.

तरी ती सोडायला तयार नव्हती. शेवटी असं ठरलं की ते यंत्र परत नेऊन तपासतील, मात्र अट एक. ते उघडलेलं नसावं, मागचा सील तसाच असावा. आणि कॅसेट तर आत अडकलेली. ती सोडवायची तर मागून खोलावं लागणार. नात म्हणाली की कॅसेटसकटच पाठवू, ते तपासतील तेव्हा त्यांनाच फजिती कळेल, कॅसेट परत पाठवा असं लिहून देऊ. ती रागाने लाल झाली होती, या लोकांना सोडणार नाही म्हणत होती. माझ्यासाठीच भांडत होती पोर.

मी तिला विचारलं, कुणाला लिहून देणार? त्या खेदवाल्या मशीनला?

तिने फोन टेबलावर उलटा ठेवला.

"फाड तो सील," मी म्हटलं. "जाऊ दे यंत्र. आईला आधी बाहेर काढ."

सील फाडला, स्क्रू काढले, आणि आत बघितलं. बाहेरून नवा रंग, आत कुणी फुंकरसुद्धा मारलेली नव्हती. धुळीचा थर, एक वाळून गेलेलं झुरळ, आणि चाकं फिरवणारा रबरी पट्टा गुळाच्या पाकासारखा चिकट होऊन लोंबत होता. म्हणजे दुरुस्ती अशी काही झालीच नव्हती. कुणीतरी नुसती पावडर फासून उभं केलं होतं. तेव्हापासून मला कुणी विचारलं की जुनी वस्तू फोनवरून घ्यावी का, तर मी म्हणते घ्या बाबा, पण विकणारा कोण ते आधी शोधा, आणि आपल्याजवळ जे एकच आहे ते त्याच्या तोंडात पहिल्या दिवशी देऊ नका.

केसातल्या आकड्याने आम्ही ती फीत सोडवली. नात यंत्र धरायची, मी आकडा घालायची, मग उलट. कुठेही तुटली नव्हती, एवढंच नशीब. पण हातभर लांबीवर बारीक चुण्या पडल्या होत्या, घाईत नेसलेल्या साडीच्या निऱ्या जशा. नात म्हणाली, एवढा तुकडा कापून जोडू का, तसं करतात. मी म्हटलं, कात्री या टेबलाच्या जवळ आणायची नाही. मग मऊ कापडावर ठेवून, बोटाच्या पोटाने, एकेक चुणी सरळ करत बसलो. माझ्या बोटांना आता बारीक काम जमत नाही. नातीने माझ्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दोघींचं मिळून एक बोट फिरायला लागलं. त्यानंतर कॅसेटच्या चाकात पेन्सिल घालून सगळी फीत हातानेच फिरवून आईच्या बाजूच्या सुरुवातीला आणली.

आता वाजवायची कशावर? नातीने फोनवर दुसरं यंत्र शोधायला सुरुवात केली तेव्हा मी तिचा फोन उचलून फ्रिजवर ठेवला.

मग मला जानकीपुरमचे भाऊजी आठवले. हे होते तेव्हाचे यांचे कचेरीतले सोबती, आमच्याच भागातले, निवृत्त होऊन इथेच राहिलेले. दर रविवारी विहारात भेटतात. त्यांच्या दारात एक जुनी मोटार झाकून उभी आहे आणि तिच्यात कॅसेट वाजवायची सोय आहे, हे मला माहीत होतं, कारण त्यांच्या बायकोला, बिचारी आता नाही, त्या मोटारीत गाणी ऐकत बसायचा नाद होता. फोन करून विचारलं. म्हणाले, "गाडी चालत नाही वहिनी, पण गाते अजून."

आम्ही गेलो तेव्हा त्यांनी गाडीवरचं कापड काढून काचा पुसून ठेवल्या होत्या. मी पिशवीतून कॅसेट काढली, पण त्यांनी ती घेतली नाही. घरात जाऊन स्वतःची एक कॅसेट घेऊन आले. वर त्यांच्या बायकोच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. "आधी माझी लावतो," म्हणाले. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. ती कॅसेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजू दिली, आम्ही ओट्यावर चहा पीत ऐकत राहिलो, आणि ते बोनेटवर हात ठेवून उभे राहिले, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. कॅसेट धडधाकट बाहेर आली तेव्हा मला म्हणाले, बसा आता. आणि स्वतः खुर्ची घेऊन ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसले.

मी पुढे, नात चालकाच्या जागेवर. तिने आपला फोन रेकॉर्डिंगला लावून मधे ठेवला. उजवा कान स्पीकरच्या जाळीकडे येईल अशी मी वळून बसले. कॅसेट आत ढकलताना माझा हात थांबला, तेव्हा तिने माझ्या हातासकट ती ढकलली.

"पत्रास कारण की," आई म्हणाली.

माझी आई. तिने आयुष्यभर दुसऱ्यांनी वाचून दाखवलेली पत्रं ऐकली होती, म्हणून तिला वाटायचं की लांबच्या माणसाशी असंच बोलायचं असतं. "पत्रास कारण की, येथील सर्व मंडळी सुखरूप आहेत. आपली खुशाली कळवावी." स्वतःच्या पोरीला अहो-जाहो करत होती. आवाज सावकाश, जपून, काठाला धरून चालल्यासारखा. आणि किती कोवळा. मला ते माहीतच नव्हतं. माझ्या आठवणीतली आई म्हातारी आहे, कारण मी तेव्हा लहान होते. गाडीत जी बोलत होती ती माझ्याहून कितीतरी लहान बाई होती. नातीलाही तेच वाटलं असावं. ती पुटपुटली, "ये तो मम्मी की उम्र की हैं।"

आईने कापूस वेचणीला आला ते सांगितलं, गाय व्यायली ते सांगितलं, माझ्या वहिनीला दिवस गेले ते घसा खाकरून सांगितलं. कुणाकुणाची लग्नं सांगितली. मग जरा थांबली आणि त्याच पत्राच्या भाषेत, अगदी गंभीरपणे म्हणाली, "आपल्या बंगल्यातील पाणी गेल्याचे ऐकून वाईट वाटले."

नात इतकी हसली की स्टिअरिंगवर डोकं टेकलं. ते वाक्य मी तेव्हाही ऐकलंच असणार, पण त्या आकाशवाणीवाल्या बाईला त्यात थट्टा आहे हे कळलं नव्हतं. तिला वाटलं असेल आईला खरंच वाईट वाटलं.

बाजू संपत आली तशी मी सीटची कड धरली. आमची चुणी शेवटाकडे होती. माझी सुरुवात तिथे आईचा शेवट. आई म्हणत होती, प्रकृतीस जपावे, आणि तिचा आवाज हलायला लागला. विहिरीत वाकून बोलावं तसा खोल गेला, वर आला, परत बुडाला. शब्द आहेत एवढं वाटत होतं, कळत नव्हते. मी कान जाळीला लावला. काहीच हाती आलं नाही. पत्राचा शेवट तिथेच होता, तिचं ते 'कळावे, लोभ असावा'. ते गेलं. एरवी ते म्हटलं की आई थांबली असं समजून मी लगेच बटण दाबायची, दरवेळी, कारण मला माझी बाजू बोलायची घाई असायची. आज ते ऐकूच आलं नाही, म्हणून बटणाकडे कुणाचाच हात गेला नाही. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो आणि फीत चालत राहिली.

खरखर. कुठेतरी कोंबड्या. बादलीची कडी वाजली.

"झालं काय वं बंद?" आई म्हणाली.

तोच आवाज, पण आता काठ सोडून दिलेला. तिची सून, माझी वहिनी, म्हणाली, "झालं असन, आत्याबाई."

"कसं बोलली वं मी? शिकल्या बाईवानी वाटलं ना?"

"एकदम मास्तरीणबाई."

"तिच्या संगं लखनौच्या बायका ऐकत असतीन. तिले मान खाली घाला लागू नये." परत बादलीची कडी वाजली. मला वाटलं संपलं. "पोट्टी खोटं बोलते वं. सुखात असती तं इतकं सांगितलंच नसतं."

"मंग बलावून घ्या ना आठ दिवस."

"रमन थे. म्या नाही रमली? म्या बी मायच्या घरी जाऊन सांगत होती, आमच्या घरी दोन म्हशी हायेत, दुधाले कमी नाही." आणि आई हसली, असं काही हसली की शब्द तुटले. "होती एक बकरी. थेबी दिराची."

वहिनी हसली, आई हसत होती, आणि दोघींच्या हसण्याच्या मधेच फीत संपून खट करून बटण वर आलं.

गाडीत गरम होत होतं. काच खाली करायचं कुणाला सुचलं नाही. ओट्यावर भाऊजींची पाठ तशीच होती. माझा एक हात नातीच्या हातात होता, तो कधी गेला मला माहीत नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती, मीही तिच्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने तिने फोनवरचं रेकॉर्डिंग थांबवलं, नीट साठवलं गेलं ना ते दोनदा तपासलं, आणि नाक ओढून म्हणाली, "आजी, बकरी किसकी थी? वो समझ नहीं आया।"

मी सांगितलं, तिच्या दिराची, म्हणजे माझ्या काकांची. आईची स्वतःची काहीच नव्हती.

"फिर उस बकरी का क्या हुआ?"

मला काय माहीत? माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. मी म्हटलं, विकली असेल.

"ऐसे नहीं। ठीक से बताइए।" तिने चप्पल काढली, पाय वर घेतले आणि दाराला टेकून बसली, लहानपणी सुट्टीत आली की बसायची तशी. आणि सांगायची वाट बघायला लागली.

आता एवढी मांडी ठोकून बसलेल्या पोरीला एकच बकरी कशी सांगायची?

"दोन होत्या," मी म्हटलं.